बोट घुं घुं करतेय? मोटर बदलायच्या आधी या चुका टाळा

रिमोटवर चालणारी फास्ट इलेक्ट्रिक मॉडेल बोट पाण्यात सोडली, अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे गेलं की हल, म्हणजे बोटीचं अंग, घुं घुं करायला लागतो, रेडिओ बॉक्सचं झाकण थरथरतं आणि किनाऱ्याला आणेपर्यंत मोटर हात लावू देत नाही. यावर नवीन पोरांचा ठरलेला प्रश्न, काका कुठली मोटर घेऊ? अरे मोटरने काय घोडं मारलंय तुमचं!

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे मेटल प्रॉप (पाण्यात फिरणारा पंखा) पाकिटातून काढून तसाच लावणं. कास्टिंगचा प्रॉप हा कच्चा माल आहे, त्याला धार लावायची असते, बॅलन्स करायचा असतो. ४एस, म्हणजे चार सेलची लायपो बॅटरी, म्हणजे १४.८ व्होल्ट, मोटर २२०० केव्ही, म्हणजे दर व्होल्टला २२०० आरपीएम, लोड नसताना साडेबत्तीस हजार आरपीएम होतात. पाण्यात २५,००० धरा. आता शाफ्टपासून १५ मिमीवर फक्त ०.१ ग्रॅम जादा असेल तर त्या वेगाला तो साधारण १ किलोच्या जोराने शाफ्ट बाहेर ओढतो, आणि सेकंदाला चारशेच्या वर वेळा दिशा बदलून ओढतो. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश टिकेल कसा?

मुळशीच्या बॅकवॉटरला एक इंजिनिअरिंगचा मुलगा आला होता, मोनो हल (एकाच तळाची बोट), मोटर नवीकोरी, म्हणजे दुसरी, पहिली खराब म्हणून काढलेली. हिच्यातही तेच घुं घुं, वर कुणीतरी सांगितलं म्हणून माउंटखाली रबर शीट. म्हटलं आधी ते रबर काढ, थ्रॉटल दिला की टॉर्कने मोटर रबरावर कलते आणि मोटर आणि शाफ्टची होती नव्हती ती लाइन पण जाते. मग शाफ्ट काढून नुसती मोटर हळू फिरवली, गुळगुळीत. कोलेट, म्हणजे मोटरला शाफ्ट पकडून ठेवणारा जोड, आवळून फिरवली, ठीक. शाफ्ट घातला, प्रॉप नाही, तरी ठीक. प्रॉप लावला आणि थयथयाट सुरू. बॅलन्सरवर ठेवला तर एक पातं धपकन खाली. तोपर्यंत स्ट्रटमधला (बोटीच्या मागे शाफ्ट धरणारा आधार) बुश लंबगोल झालेला, प्रॉप शाफ्ट बोटाने हलवला तर खुळखुळ वाजत होता. म्हणजे दोष प्रॉपचा, झिजला बुश आणि बळी गेली बिचारी मोटर. तरी साहेब म्हणतात, काका आज पळवू, बुश उद्या बदलतो. मी अ‍ॅलन की खिशात घातली.

बॅलन्स करताना जड पातं बोटीकडच्या बाजूने घासा, पाणी ढकलणाऱ्या बाजूला पॉलिश पेपर लावायचा नाही. पाती आडवी स्थिर राहिली म्हणजे झालं असं नाही, उभी करून पण बघा, कलंडली तर हब एका बाजूला जड आहे. आणि प्रॉप बेरिलियम कॉपरचा असेल तर कोरडा घासूच नका, ती पूड फुप्फुसाला घातक आहे. पाण्याखाली घासा, मास्क लावा, ग्राइंडर लांब ठेवा.

दुसरी चूक, मोटर आधी पक्की करायची आणि मग शाफ्ट दामटून कोलेटमध्ये घालायचा. फ्लेक्स शाफ्ट (पीळ दिलेल्या तारांचा) वाकतो म्हणून काहीही खपवून घेतो असं नाही, जुन्या बजाज स्कूटरच्या स्पीडोमीटरची केबल आठवा, एक मोड पडला की काटा नाचायला लागायचा. मी ट्यूब (जिच्यातून शाफ्ट जातो ती नळी), शाफ्ट, स्ट्रट सगळं जागेवर बसवतो, माउंटचे स्क्रू ढिले ठेवून शाफ्ट हाताने फिरवत राहतो, मोटर आपली जागा आपण शोधते, मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळतो. ट्यूब लांब असेल तर मधे आधार द्याच. ब्रास ट्यूब खरखरीत न करता इपॉक्सी लावलीत तर ती सुटणार, आणि पाच मिनिटांवाली इपॉक्सी वापरणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

भोसरीला लेथवर कोलेट करून घेणार असाल तर भोक आणि टेपर (निमुळता भाग) एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा, तिथेच डायल गेज (फिरताना किती डगमगतं ते दाखवणारं मीटर) लावून बघा.

ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, प्रॉपला अडकवून फिरवणारा तुकडा) स्ट्रटला चिकटवू नका, लोडवर फ्लेक्स शाफ्ट आखडतो आणि डॉग स्ट्रटवर घासतो. ४.७६ मिमीच्या शाफ्टला मी ३ मिमीच्या आसपास फट ठेवतो.

मोटर उलटी फिरवून बघू नका, शाफ्टचे पीळ सुटतात.

बाहेर स्टँडवर फुल थ्रॉटल? नाही म्हणजे नाही. शाफ्ट ट्यूबमध्ये आपटतो आणि प्रॉप बोटं कापतो.

ग्रीस प्रत्येक वेळी. घरी आल्यावर शाफ्ट बाहेर काढून पुसायचा, तेलाचा हात द्यायचा, कंटाळा आला तरी.

आणि जलपर्णीच्या पाण्यात बोट घालूच नका, पाषाणला तर बघायलाच नको. प्रॉपमध्ये देठ अडकून बोट खाडकन थांबली तर घरी शाफ्टचा प्रॉपकडचा कडक भाग काचेवर लोळवून बघा, खाली उजेडाची फट उघडझाप करताना दिसली की तो शाफ्ट सरळ करत बसू नका, नवीन घ्या.