बाळ एनआयसीयूत, तपासण्या सुरू: घरच्यांनी नेमकं काय करायचं

नवजात बाळ दूध ओढत नाही, पिवळं दिसतं किंवा श्वास जोरात घेतं म्हणून त्याला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवलं की बाहेरच्या बाकावर बघता बघता सात-आठ नातेवाईक जमतात. प्रत्येकाला मदत करायची असते, पण काय करायचं ते ठरलेलं नसल्यामुळे प्रत्येक जण आई-बाबांनाच विचारत बसतो. म्हणून कामं पहिल्याच दिवशी वाटून घ्या. डॉक्टरांशी बोलायला एक, बाळंतिणीजवळ एक, घर आणि मोठं मूल सांभाळायला एक, आणि कागदपत्रं व बिलं बघायला एक. माणसं कमी असतील तर एकाने दोन कामं घ्यावीत, पण एकाच कामाला दोन माणसं नकोत.

डॉक्टरांशी बोलताना

राउंडची वेळ सिस्टरना विचारून ठेवा आणि त्या वेळी बाळाच्या बाबांबरोबर आणखी एक जण असू द्या. बाबा ऐकतील, दुसऱ्याने लिहायचं. काळजीत असलेल्या माणसाच्या डोक्यात पहिली दोन वाक्यं राहतात, पुढचं सगळं निसटतं. आई चालू-फिरू शकत असेल किंवा व्हीलचेअर मिळत असेल तर तिलाही न्या. ‘तिला त्रास नको’ म्हणून तिच्यापासून माहिती लपवली की ती त्याहून वाईट कल्पना करत बसते.

वही साधी ठेवा. रोज एक पान: तारीख, वजन, दूध किती मिली आणि किती वेळा, कोणती तपासणी झाली, कशासाठी, रिपोर्ट कधी, कोणतं औषध सुरू किंवा बंद झालं. शेवटी उद्याचे प्रश्न. कुठलीही मोठी तपासणी सुचवली किंवा संमतीपत्र पुढे आलं की तीन प्रश्न पुरतात: यातून काय कळणार? आज नाही केली तर काय होईल? रिपोर्ट असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगाचं, कारण पुढच्या दोन दिवसांत काय घडू शकतं ते त्यातून कळतं.

आत्या एका डॉक्टरला, मामा दुसऱ्या पाळीतल्या डॉक्टरला आणि आजोबा सिस्टरना विचारतात आणि मग तीन उत्तरांतला फरक घेऊन घरात वाद होतो. बहुतेक वेळा फरक उत्तरांत नसतो, सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत असतो. ओळखीतल्या डॉक्टरचं मत हवं असेल तर फोनवर तोंडी हकिकत सांगू नका. रिपोर्टच्या प्रती आणि वहीतली पानं दाखवा.

बाकी सगळ्यांसाठी दिवसातून एकच मेसेज, तोही ठरलेल्या वेळी आणि एकाच माणसाने पाठवायचा. तो असा असावा: ‘आज वजन २ किलो ६४०. नळीतून दर दोन तासांनी १५ मिली दूध चालू आहे. ब्लड कल्चरचा पहिला रिपोर्ट उद्या दुपारी. आई ठीक आहे, झोपली आहे. कृपया फोन करू नका, उद्या संध्याकाळी पुन्हा कळवतो.’ यात अंदाज नाही, निदान नाही. नळ्या लावलेल्या बाळाचे फोटो आणि रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका. एकदा गेले की ते कुठे फिरतील यावर आपला ताबा राहत नाही.

तपासण्या पुन्हा पुन्हा का होतात

घरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. ‘कालच रक्त काढलं, आज परत? म्हणजे काहीतरी बिघडलं.’ बहुतेक वेळा तसं नसतं.

सीआरपी घ्या. हे संसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन. संसर्ग सुरू झाल्यावर तो वाढायला साधारण दहा-बारा तास जातात. त्यामुळे पहिला सीआरपी नॉर्मल आला तरी डॉक्टर पुढच्या दिवशी तो पुन्हा करतात. दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच काही अर्थ लागतो. ब्लड कल्चर म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे ते वाढवून बघणं, त्यामुळे जंतू वाढायला वेळ द्यावा लागतो. खऱ्या संसर्गातले बहुतेक जंतू ३६ ते ४८ तासांत दिसतात, शेवटचा रिपोर्ट मात्र पाच दिवसांनी येतो. तोवर थांबणं नवजात बाळाला परवडत नाही, म्हणून अँटिबायोटिक आधी सुरू होतं आणि कल्चर स्वच्छ आलं, बाळ छान असलं, तर बंदही होतं. औषध सुरू केलं म्हणजे संसर्ग ठरला असं समजून नातेवाइकांत बातमी पसरवू नका. कधी कधी कल्चरमध्ये त्वचेवरचा जंतू वाढतो. त्याला नमुना दूषित होणं म्हणतात. तो खरा की दूषित हे ठरवायला पुन्हा रक्त लागतं.

काविळीचं रक्त दिवसातून दोनदाही काढावं लागतं. फोटोथेरपीच्या दिव्याखाली त्वचेचा पिवळेपणा आधी उतरतो, रक्तातलं बिलिरुबिन (काविळीतला पिवळा घटक) तेवढं उतरलेलं नसतं. डोळ्यांनी बघून अंदाज करता येत नाही तो यामुळे. दिवा बंद केल्यावरही आकडा थोडा उसळू शकतो, म्हणून आणखी एक तपासणी होते. दिव्याखाली बाळाच्या डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट असतो. पट्टी डोळ्यांना उजेडापासून जपायला असते आणि उजेड जास्तीत जास्त त्वचेवर पडावा म्हणून बाकी अंग उघडं असतं, त्यावर दुपटं टाकू नका. उन्हात धरणं हा त्याला पर्याय नाही.

कधी नमुनाच वाया जातो. टाच दाबून थेंब थेंब रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. रक्तात बारीक गुठळी झाली तर प्लेटलेट खोट्या कमी येतात. ‘सँपल रिपीट’ म्हटलं की घाबरण्याआधी विचारा, पहिला नमुना खराब होता का.

‘एवढंसं बाळ, किती रक्त काढतात!’ हा प्रश्न रास्त आहे. बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं, म्हणजे तीन किलोच्या बाळात पाव लिटरच्या आसपास. एका वेळच्या तपासण्यांना बहुधा एक-दोन मिली पुरतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला याने काही होत नाही. खूप लहान, कमी दिवसांच्या बाळात मात्र रोजचे नमुने साठत जातात. तिथे ‘उद्याच्या सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात होतील का?’ असं विचारणं योग्य आहे आणि डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

दोन गोष्टी पाहून आजी-आजोबा हमखास हादरतात. पहिली, डोक्याला लावलेली सलाईनची सुई. हातापायाच्या शिरा बारीक असतात, सारख्या टोचून बसतात. टाळूच्या बाजूची शीर वरवर असते आणि स्पष्ट दिसते, म्हणून तिथले थोडे केस काढून कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) लावतात. ती कातडीखालच्या शिरेत असते, मेंदूशी तिचा संबंध नसतो. केस परत येतात. दुसरी, पाठीतलं पाणी काढणं. मेंदूज्वर आहे की नाही हे बघण्यासाठी बाळाला कुशीवर वळवून, मणक्याच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली सुई घालून पाण्याचे काही थेंब घेतात. ‘पाठीत सुई घातली की बाळ लुळं पडतं’ ही भीती यामुळेच खरी नाही. संमती देण्यावरून घरात वाद घालत तास घालवू नका. मेंदूज्वर असेल तर तो तास महागात पडतो.

डोक्याची सोनोग्राफी टाळूतून होते, हृदयाची टूडी इको छातीवरून. दोन्हीत टोचणं नाही, दुखणं नाही.

मॉनिटरकडे टक लावून बसू नका. बाळाने पाय हलवला की पायावरचा सेन्सर सरकतो, आकडा पडतो आणि अलार्म वाजतो. सिस्टर आधी बाळाचा रंग आणि श्वास बघतात, मग पडदा. तुम्हीही तेच करा.

बाळंतीण आणि दूध

सगळ्यांचं लक्ष काचेपलीकडे असतं आणि बाळंतिणीकडे कोणीच बघत नाही. तिच्याजवळच्या माणसाचं काम सगळ्यात महत्त्वाचं.

बाळ अंगावर पीत नसेल तर दूध काढायला लगेच सुरुवात करायची, शक्यतो जन्मानंतरच्या पहिल्या सहा तासांत. दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा, त्यात एकदा तरी रात्री, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. ‘झोपू दे बिचारीला’ म्हणून रात्रीची खेप रोज चुकवली की चार-पाच दिवसांनी दूध आटल्याची तक्रार सुरू होते. झोप दिवसा काढून द्या. दोन खेपांच्या मध्ये फोन आणि पाहुणे बंद.

पहिले दोन दिवस पंपापेक्षा हाताने काढणं बरं. अंगठा आणि बोटं इंग्रजी ‘सी’सारखी, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवायची. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, त्याने फक्त दुखतं. चिकाचं दूध थेंबाथेंबाने येतं. ते एक मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घ्या. तेच मोठ्या बाटलीत काढलं तर तळही ओला दिसत नाही आणि आई खचते. पहिल्या दिवशी एका खेपेला काही थेंब ते काही मिली एवढंच येणं हे नॉर्मल आहे. भरून दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियननंतर आणखी थोडे. ‘हिला दूधच नाही’ हे वाक्य त्या खोलीत कोणाच्याही तोंडून येता कामा नये.

प्रत्येक सिरिंजवर किंवा डब्यावर आईचं नाव, तारीख, वेळ. ताजं दूध बाहेर चार तास आणि फ्रिजच्या आतल्या भागात चार दिवस राहतं, पण एनआयसीयूचे नियम बहुधा याहून कडक असतात. ते विचारून पाळा. गार दुधात गरम ताजं ओतू नका, आधी ते गार होऊ द्या. मायक्रोवेव्ह नको. त्यात दूध कुठे गार, कुठे भाजेल इतकं गरम होतं.

आईच्या बाबतीत पुढचं काहीही दिसलं तर ‘बाळाचं बघून मग’ न म्हणता तिच्या डॉक्टरांना लगेच सांगा:

- तासाभरात पॅड पूर्ण भिजणं किंवा मोठ्या गुठळ्या
- ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, घाण वासाचा स्राव, टाके लाल होणं
- खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे
- एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप
- स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार

रडू येणं, चिडचिड हे पहिले दोन आठवडे बऱ्याच जणींना होतं. त्यापुढे टिकलं, किंवा बाळाकडे जावंसंच वाटेना, तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. बाबांनाही तो होतो, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

आत जाताना आणि बोलताना

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं, बाह्या कोपरावर, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुवायचे. अंगठा आणि नखांच्या कडा हमखास राहतात. धुतल्यावर मोबाईल हातात घेतला तर पुन्हा धुवा. सर्दी, जुलाब, अंगावर पुरळ असेल त्याने येऊच नये. ओठावर तापाची फोडं असलेल्या माणसाने तर मुळीच नाही. त्या फोडांतला विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. बाळाला कुरवाळण्यापेक्षा एक तळवा डोक्यावर आणि एक पायांवर नुसता स्थिर ठेवला की ते शांत होतं. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा छातीशी उघड्या अंगाने धरण्याचा हक्क आई-बाबांचा. आजीने तिथे थोडं मागे राहावं.

‘गरोदरपणात काही खाल्लं होतंस का’, ‘आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं’ हे प्रश्न नव्हेत, आरोप आहेत. ‘सगळं ठीक होईल’ हेही टाळा, कारण ते कोणालाच माहीत नसतं. ‘काही लागलं तर सांग’ यानेही भागत नाही, कारण सांगायचं काम पुन्हा तिच्यावरच पडतं. त्यापेक्षा ‘उद्या आठ ते बारा मी थांबतो, तुम्ही दोघं झोपा’ म्हणा आणि खरंच थांबा.

मोठं भावंड असेल तर त्याला खरं आणि थोडक्यात सांगा: बाळ आजारी आहे, डॉक्टर बघताहेत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. शेवटचं वाक्य सोडू नका. आपल्यामुळेच झालं, असं लहान मुलं मनाशी धरून बसतात.

घरी सोडताना

डिस्चार्जच्या घाईत इथेच सगळ्यात जास्त सुटतं. कोणते रिपोर्ट अजून यायचे आहेत आणि ते कोण, कुठून घेणार, हे लिहून घ्या. कल्चरचा शेवटचा रिपोर्ट आणि टाचेच्या रक्ताची जन्मजात आजारांची चाचणी बऱ्याचदा नंतर येते. कानाची तपासणी झाली का, नसेल तर तारीख कोणती? पुढची भेट कधी, कोणाकडे? औषध मिलीमध्ये किती, हे रिकाम्या सिरिंजवर सिस्टरकडून खूण करून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा भरून दाखवा. ‘अर्धा चमचा’ या मापावर नवजात बाळाचं औषध कधीही देऊ नये.

आणि हे फ्रिजवर चिकटवा. बाळ दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठेना, काखेतलं तापमान ३८ किंवा वर अथवा गुंडाळूनही ३६.५ च्या खाली राहिलं, शांत असताना श्वास मिनिटाला ६० हून जास्त चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर पडले, झटका आला, हिरवी उलटी झाली किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला तर फोनवर सल्ला मागत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट. नवजात बाळाचा श्वास मुळात थांबत-थांबत चालतो, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा चुकतो.