कोकणकड्याचा फोटो सपाट का येतो?

हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यानंतर जाणारे बरेच जण एकच तक्रार करतात, डोळ्यांना एवढं खोल दिसलं आणि फोटोत नुसतं करडं आलं. लेन्स बदलून फरक पडत नाही हो, उजेड कुठून येतोय ते आधी बघा.

कोकणकडा म्हणजे या गडाचा अर्धगोल कडा, तो पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, कडा सावलीत आणि कड्याची सावली खाली कोकणात पडलेली असते. ही सावली हळूहळू मागे सरकते, तेव्हा खालच्या टेकड्यांची फक्त टोकं उजळतात आणि तिथेच खोली दिसते. दुपारी बाराला ऊन डोक्यावर आलं की सगळं चपटं, तेव्हा कॅमेरा बॅगेत टाका आणि झुणका-भाकर खा. संध्याकाळी ऊन थेट कड्यावर येतं, रंग मस्त मिळतो पण सावल्या मिळत नाहीत, म्हणून मी अर्धगोलाच्या एका टोकाला जाऊन समोरची कडा तिरकी धरतो, मग कातळाचा एकेक थर वेगळा दिसायला लागतो.

धुकं असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते ठरवणारी सेटिंग) +०.७ ते +१ करा, नाहीतर कॅमेरा पांढऱ्या धुक्याला करडं करून टाकतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर ठेवा, ऑटो संध्याकाळचा पिवळेपणा पुसून टाकतं आणि मूड तिथेच गेला.

आता पुढची वस्तू. ओला दगड, कारवीचं झुडूप, काहीतरी जवळ हवंच. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) लेन्स १८ एमएम, छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/११ आणि फोकस साधारण दीड मीटरवर ठेवला की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. पानं ओली असतील तर पोलरायझर (लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर) फिरवून बघा, पानावरची पांढरी चकाकी जाते आणि खालचा हिरवा वर येतो. पण कड्याच्या काठावर उभं राहून फ्रेम लावायची नाही, झोपून लावा, वारा अचानक येतो तिथे.

आणि एडिटिंगमध्ये डिहेझचा, म्हणजे धूसरपणा काढणारा स्लायडर जपून, प्लीज! लांबचा डोंगर फिका आणि निळसर दिसतो म्हणूनच तो लांब वाटतो, ती हवाच काढून टाकली की डोंगरांच्या पाच रांगांची एक भिंत होते. मी डिहेझ फक्त पुढच्या दगडावर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) देतो, मागच्या रांगांना हात लावत नाही.