आईला दवाखान्यात न्यायचा दिवस कसा काढावा

डॉक्टर आईला तपासतात सात-आठ मिनिटं. त्यासाठी कोथरूडहून निघून परत घरी येईपर्यंत आमचे सहा-सात तास मोडतात. आईचं वय ८१. पहिल्या काही खेपांना मी दिवस माझ्या सोयीने आखला. अर्धी रजा टाकायची आणि रक्त, सोनोग्राफी, डॉक्टर असं सगळं एकाच फेरीत उरकायचं. केबिनमध्ये शिरेपर्यंत ती इतकी गळून जायची की डॉक्टरांनी "काय होतंय, आजी?" विचारलं की म्हणायची, "काही नाही, बरंय." झालं, रजा वाया. आता मी एवढंच बघते, की तिची ताकद त्या सात-आठ मिनिटांसाठी शिल्लक राहिली पाहिजे.

१. रक्त आधीच देऊन टाका

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ते दोन दिवस आधी, घरी माणूस बोलावून. पुण्यात बहुतेक लॅबची माणसं सकाळी घरी येतात. त्यामुळे दवाखान्याच्या दिवशी आई नाश्ता करून निघते आणि रिपोर्टही हातात असतो. उपाशी म्हणजे आठ ते बारा तास अन्न नाही, साधं पाणी मात्र चालतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पाणीही बंद केलं की शीर सापडत नाही आणि दोन्ही हातांना टोचाटोची होते. जेवणानंतरची साखर तपासायची तर दोन तास पहिल्या घासापासून मोजा. उपाशी असताना डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन परस्पर देऊ नका. त्या दिवशी कुठलं औषध कधी द्यायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

२. आदल्या संध्याकाळी

फाईलमध्ये सगळ्यात नवा कागद सगळ्यात वर. गोळ्यांची यादी असली तरी पाकिटंसुद्धा एका पिशवीत घ्या. "ती सकाळची पांढरी" यावरून कुठल्याही डॉक्टरला काही कळत नाही. शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघ्याची गोळी, काढा, चूर्ण हेही त्याच पिशवीत. दुखण्यावरच्या गोळ्या या वयात किडनीला जड जातात आणि घरात नेमक्या त्याच लपलेल्या असतात.

ओपीडीत फोन करा. "डॉक्टर कधी येतात?" असं विचारलं तर पाटीवरची वेळ सांगतात. "काल किती वाजता बसले?" असं विचारा.

कपडे सैल, ब्लाउज पुढून हुकांचा, चपलेला मागे पट्टा. एमआरआय असेल तर बांगड्या, मंगळसूत्र, कवळी, कानातलं यंत्र ठेवायला झाकणाची डबी. पेसमेकर असेल तर नंबर लावतानाच सांगा.

३. जाताना

एकट्या असाल तर स्वतः गाडी चालवू नका. आईला दारात उतरवून तुम्ही पार्किंग शोधायला गेलात की ती पायरीवर उभीच. रिक्षा किंवा कॅब बरी. गाडीत बसवताना आधी पाठ सीटकडे, मग बूड टेकवायचं आणि शेवटी पाय आत. वनाज ते रामवाडी मेट्रोला लिफ्ट आहेत आणि स्टेशनकडे जायला ती झटपटही पडते, पण दोन्ही टोकांचं चालणं धरा. साधी तपासणी असेल तर गणपतीच्या दिवसांत पेठांतली तारीख घेऊच नका. आणि छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून थेट १०८ लावा.

४. पोचल्या पोचल्या व्हीलचेअर

चालता येत असलं तरी घ्या. "मी काय पांगळी झालेय?" हे ऐकावं लागेल. मी आधी खुर्चीत फाईल, पिशवी आणि थर्मास ठेवते, थोडं पुढे गेल्यावर "पिशवी जरा मांडीवर धरतेस का?" म्हणते. दर वेळी जमतं असं नाही. बसवण्याआधी ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. उतारावरून खुर्ची उलटी, मागे मागे न्यायची. ढकलायला आलेल्या माणसाला मामा म्हटलं की लिफ्टही लवकर मिळते.

मग संडास कुठे आहे ते बघून या. म्हातारी माणसं बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उठताना चक्कर येते. "लागली की लगेच नेते" असा शब्द दिला की दोन घोट पितात. कमोड आहे ना, ते बघा. कडी आतून लावू देऊ नका, तुम्ही दाराशी उभ्या राहा. पोटाच्या सोनोग्राफीला कधी लघवी भरलेली लागते, म्हणून आधी तिथे विचारा, मग न्या.

डबा हवाच. डायबेटिस असेल तर साखरेची पुडीही. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, नर्सला हाक मारा, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजून घ्या. तेव्हा बिस्किट कामाचं नाही, त्याला चढायला वेळ लागतो.

५. केबिनमध्ये

आधी आईला बोलू द्या. घाई असली तरी. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर तुम्ही आईकडे बघा, तेही वळतात. तिला ज्या कानाने बरं ऐकू येतं, ती बाजू डॉक्टरांकडे.

काही गोष्टी ती सांगणार नाही. बाथरूममध्ये पडली होती, साडी ओली होते, गॅस चालू राहिला होता. हे तिच्यासमोर मोठ्याने सांगितलं तर घरी येईपर्यंत अबोला. मी चिठ्ठी लिहून फाईलच्या पहिल्या पानाला टाचते, डॉक्टर वाचतात आणि स्वतःहून विचारतात.

तपासायच्या टेबलावरून लगेच उभं करू नका, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसू द्या. निघण्यापूर्वी विचारा: कुठली गोळी बंद, कुठली नवी, काय झालं तर धावत यायचं?

६. बिल, औषधं, घर

तिला डबा उघडून द्या आणि रांगेत तुम्ही जा. ॲडमिट व्हायला सांगितलं तर आयुष्मान कार्ड चालतं का, ते काउंटरवर लगेच विचारा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार यात बसतात. मात्र रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि ओपीडीचा खर्च त्यात येत नाही.

येताना वाटेत कुठलंही काम काढू नका, भाजीसुद्धा नाही.

घरी आल्यावर तिला आडवं होऊ द्या आणि त्याच संध्याकाळी गोळ्यांचा डबा उपसा. बंद केलेली पाकिटं तिच्या हाती लागणार नाहीत अशी काढून टाका. "अगं, भरलेलं पाकीट आहे, पैसे पडलेत त्याला," असं ती म्हणेलच. आमच्याकडे एक पाकीट केराच्या डब्यातून दोनदा परत आलंय.