क्रूझवर निघालेल्या इंदूरकरांसाठी: जहाजावरचे दिवस आणि बंदरावरचे तास

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्ती किंवा मुलांच्या परीक्षा संपल्याचे निमित्त साधून इंदुरातील मराठी कुटुंबे आता क्रूझची सहल ठरवू लागली आहेत. बहुतेकांपुढे दोनच पर्याय असतात. एक म्हणजे मुंबईहून गोवा, लक्षद्वीप किंवा कोचीकडे जाणारे जहाज आणि दुसरा म्हणजे सिंगापूरहून मलेशिया आणि थायलंडच्या बंदरांना स्पर्श करून परतणारे जहाज. माहितीपत्रकात तरणतलाव, नाट्यगृह आणि जेवणाची चित्रे असतात, पण सहल सुखाची होते की धावपळीची, हे मात्र घड्याळावर ठरते. बसच्या सहलीत कोणाला उशीर झाला, तर व्यवस्थापक चार शब्द सुनावून का होईना, थांबतो. जहाज थांबत नाही, कारण बंदरातील धक्का त्याला ठराविक वेळेपुरताच मिळालेला असतो आणि उशीर झाल्यास पुढच्या बंदराचीही वेळ हुकते.

निघण्यापूर्वी

अवंतिका एक्सप्रेस इंदूरहून संध्याकाळी सुटते आणि सकाळी मुंबई सेंट्रलला पोहोचते, त्यामुळे त्याच दिवशीचे जहाज सहज मिळेल असे वाटते. गाडी वेळेवर आली तर ते मिळतेही. तरीही आदल्या दिवशी पोहोचून एक रात्र मुंबईत काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जहाज सुटण्याच्या बरेच आधी चेक-इन बंद होते, आणि बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर गेल्यावर सामान देणे, सुरक्षा तपासणी आणि कागदपत्रे यांतही वेळ जातो. सिंगापूरला जाणाऱ्यांना वाटेत विमान बदलावे लागते, म्हणून त्यांच्यासाठी हा सल्ला अधिकच लागू पडतो. विशेषतः दोन्ही विमानांची तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

कागदपत्रांत सर्वाधिक घोटाळा नावाचा होतो. आपल्याकडे पासपोर्टवर माहेरचे आडनाव, आधारवर सासरचे आणि तिकिटावर मधले नाव गाळलेले, असे प्रकार सर्रास आढळतात. म्हणून आरक्षण करतानाच ओळखपत्रावर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर जुळणारे नाव द्यावे. परदेशी क्रूझसाठी परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट हवा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या प्रवाशाला त्या देशात दोनदा प्रवेश करावा लागतो, त्यामुळे व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांना परवानगी देणारा आहे की नाही, हे एजंटच्या शब्दावर न सोडता स्वतः वाचून घ्यावे. लक्षद्वीपसाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो सहसा क्रूझ कंपनीच काढते, पण त्यासाठीची कागदपत्रे आपण वेळेत पाठवावी लागतात. प्रवास विमा घेताना त्यात समुद्रावरील उपचारांचा आणि रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पाहावे, कारण जहाजावरील डॉक्टरांचे शुल्क थेट आपल्या खात्यावर चढते आणि ते थोडेथोडके नसते.

मोठे सामान टर्मिनलवरच हमालांच्या ताब्यात द्यावे लागते आणि ते केबिनच्या दारात येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. तोवर लागणारी औषधे, चष्मा, पोहण्याचे कपडे, एक जोड कपडे आणि सर्व कागदपत्रे खांद्यावरच्या पिशवीत असावीत. इस्त्री, विजेची किटली, इमर्शन रॉड आणि एक्सटेन्शन बोर्ड यांपैकी काहीही नेऊ नये. जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची असते, त्यामुळे या वस्तू तपासणीत काढून घेतल्या जातात. याच कारणाने उदबत्ती, कापूर आणि निरांजनही केबिनमध्ये चालत नाही, आणि ज्यांचा रोजच्या पूजेचा नेम आहे त्यांनी तो फुले-अक्षतांवर किंवा मानसपूजेवर भागवावा.

आता शेवेविषयी. इंदूरकर शेवेशिवाय घराबाहेर पडत नाही, हे गृहीत धरूनच सांगतो की दुकानातील सीलबंद पाकिटे सहसा चालतात, पण घरच्या डब्यातील चिवडा, दशम्या आणि लाडू यांना अनेक कंपन्या मज्जाव करतात. सिंगापूरला जाणाऱ्यांनी खाण्याची तंबाखू, गुटखा आणि च्युइंगम घरीच ठेवावे, कारण तेथे या वस्तू आणण्यास कायद्याने बंदी आहे आणि दंडही होतो.

जहाजावर

केबिन निवडण्याची मुभा असेल आणि घरात कोणाला बोट लागण्याचा त्रास असेल, तर खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. उंचावरची, पुढच्या टोकाची केबिन महाग असूनही या बाबतीत वाईट ठरते. मळमळीवरील गोळी डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवावी आणि त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्यावी, कारण उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसणे आणि आल्याचा तुकडा चघळणे यांचाही उपयोग होतो. फोनच्या पडद्याकडे पाहत पडून राहिल्याने त्रास वाढतो.

पहिल्याच दिवशी मस्टर ड्रिल, म्हणजे आपत्कालीन सराव असतो आणि तो सर्वांना बंधनकारक असतो. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे असते. त्या जागेचे अक्षर किंवा क्रमांक सहसा क्रूझ कार्डावर, म्हणजे जहाजावर मिळणाऱ्या ओळखीच्या कार्डावर, छापलेला असतो. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून 32 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे सक्तीचे करण्यात आले. त्यामुळे या अर्ध्या तासात पोहायला जाण्याचा मोह टाळावा, आणि आजी-आजोबांना केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालवून आणावे, कारण आगीच्या प्रसंगी लिफ्ट वापरता येत नाही.

शाकाहारी आणि जैन जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी. अंडे चालत नाही, हे मात्र वेगळे सांगावे लागते, कारण परदेशी स्वयंपाकघरात अंडे अनेकदा शाकाहारातच मोजतात. मुख्य डायनिंग हॉलमध्ये पहिल्या रात्री वेटरप्रमुखाला भेटून दुसऱ्या दिवसाचे जेवण आदल्या रात्री ठरवून घेतले, तर बुफेपेक्षा कितीतरी चांगले वरण-भात-भाजी ताटात येते. उपवास असणाऱ्यांनी फळे, दूध आणि उकडलेला बटाटा एवढ्यावर भरवसा ठेवावा. साबुदाण्याची अपेक्षा करू नये. बुफेत जाण्यापूर्वी साबण आणि पाण्याने हात धुवावेत. जहाजांवर पोटाचा जो साथीचा विकार पसरतो त्याचा विषाणू, नोरोव्हायरस, निव्वळ हातावर चोळण्याच्या जेलला फारशी दाद देत नाही.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. क्रूझ कार्ड तुमच्या बँकेच्या कार्डाशी जोडले जाते आणि कंपनी त्यावर काही रक्कम अडकवून ठेवते. डेबिट कार्ड दिले, तर तेवढे पैसे खात्यातून काही दिवस वापरता येत नाहीत, म्हणून क्रेडिट कार्ड द्यावे. अनेक जहाजांवर माणशी दररोजची टिपही आपोआप चढते. चौघांच्या कुटुंबात ही रक्कम चांगलीच जाणवते, म्हणून तिकिटाच्या किमतीत ती धरली आहे का, ते आधी विचारावे. पेयांचे पॅकेज घेताना एका केबिनमधील सर्व प्रौढांना ते घ्यावे लागेल, अशी अट असते का, तेही पाहावे.

किनारा सोडताच फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. खोल समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि ते आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. त्याचे बिल घरी गेल्यावर कळते.

बंदरावरचा दिवस

रात्री केबिनमध्ये किंवा जहाजाच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाचे पत्रक येते. त्यात पाहण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे सर्वांनी परत जहाजावर असण्याची वेळ. ती जहाज सुटण्याच्या वेळेपूर्वी अर्धा ते एक तास असते. दिवसाचा हिशेब त्या वेळेपासून उलटा मांडावा.

गोव्याचे उदाहरण घेऊ. आपल्यापैकी अनेकांचे कुलदैवत तेथे आहे, आणि जहाज मुरगावला लागले की मंगेशी आणि कवळ्याच्या शांतादुर्गेचे दर्शन घ्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. समजा, जहाज सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते, तर परत येण्याची वेळ चारची धरावी. जहाज लागले, तरी तपासण्या होऊन गँगवे, म्हणजे उतरण्याचा पूल, उघडेपर्यंत आणि बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी मिळेपर्यंत सव्वानऊ होतात. ही देवळे असलेल्या फोंड्याकडे जायला साधारण तासभर लागतो, रहदारी असेल तर अधिक. परतताना फाटकावर तीनला पोहोचायचे असे ठरवले, तर दीड वाजता कवळे सोडावे लागेल. म्हणजे हाती सुमारे तीन तास उरतात. दोन देवळे, ओटी, अभिषेकाची पावती आणि जेवण यांसाठी ते पुरतात. त्यात जुन्या गोव्यातील बॉम जीझसची बॅसिलिका आणि पणजीचा बाजार घातला, की सगळेच घाईत उरकावे लागते. चर्च पुढच्या सहलीसाठी ठेवावे.

बंदराचे नाव आणि प्रेक्षणीय शहर यांतील अंतरही आधी पाहावे. क्वालालंपूरसाठी जहाज पोर्ट क्लांगला लागते आणि तेथून शहरात जायला एका बाजूने तास-सव्वा तास लागतो. मुरुगनच्या सोनेरी मूर्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या बाटू गुहा त्याहून पुढे आहेत आणि तेथे 272 पायऱ्या चढायच्या असतात. याउलट, पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या अगदी कुशीत लागते. 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेला हा जुना भाग, क्वीन स्ट्रीटवरील महामारिअम्मन मंदिर आणि भोवतालच्या लिटल इंडियातील शाकाहारी खानावळी हे सारे पायी होते. घरात वयस्कर मंडळी असतील, तर क्वालालंपूरची सहल कंपनीच्या बसने करावी आणि पेनांगला स्वतःहून हिंडावे.

कंपनीच्या सहली महाग असतात, पण त्यांची बस अडकली तर जहाज तिची वाट पाहते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरावर नेण्याची व्यवस्था करते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी कोणी थांबत नाही. म्हणून लांबच्या ठिकाणी कंपनीची सहल आणि जवळच्या ठिकाणी स्वतःची भटकंती, हा सरळ नियम पाळावा. जहाज सुटलेच, तर दैनिक पत्रकावर छापलेल्या बंदर एजंटशी ताबडतोब संपर्क साधावा आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे. यासाठी ते पत्रक, पासपोर्टची छायाप्रत आणि एक बँक कार्ड रोज खिशात असावे. आशियातील काही सहलींत मूळ पासपोर्ट जहाजच ठेवून घेते.

वेळेच्या फरकाकडेही लक्ष द्यावे. थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते. फुकेटला उतरताच फोन स्थानिक वेळ दाखवू लागतो, पण जहाजाने आपले घड्याळ बदलले नसेल, तर फोनवर तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. म्हणून जहाजाच्या वेळेवर लावलेले मनगटी घड्याळ वापरावे आणि फोनवर विसंबू नये.

लक्षद्वीपला आणि अनेकदा फुकेटलाही मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते समुद्रातच उभे राहते आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. जहाजाच्या खालच्या दारातून बोटीत पाऊल टाकताना दोन कर्मचारी दोन्ही बाजूंनी कोपराच्या वर घट्ट धरतात. बोट वर आली की ते 'आता' म्हणतात आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचे असते. तेव्हा हात मोकळे असावेत. पिशवी पाठीला आणि साडीचा पदर खोचलेला असावा. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी अशा दिवशी जहाजावरच थांबणे शहाणपणाचे. दुपारी तरणतलाव रिकामा असतो आणि मसाजचे दरही अनेकदा उतरलेले असतात. लाटा मोठ्या असतील, तर कप्तान हा थांबाच रद्द करतो, आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो. लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरील प्रवाळ उचलून आणू नये, कारण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे.

उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा पट्ट्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि मध्यरात्रीपूर्वी कर्मचारी त्या उचलून नेतात. सकाळी घालायचे कपडे, चपला आणि औषधे त्या बॅगांत जाणार नाहीत, याची खात्री एकाच व्यक्तीवर सोपवावी. अंतिम बिल त्याच रात्री तपासावे, कारण सकाळी चौकशीच्या खिडकीपुढे मोठी रांग लागलेली असते. सिंगापूरला उतरणाऱ्यांनी परतीचे विमान दुपारनंतरचे घ्यावे. मुंबईला उतरणाऱ्यांना इंदूरची अवंतिका संध्याकाळीच मिळते, तोवर सामान मुंबई सेंट्रलच्या क्लोक रूममध्ये ठेवता येते. तेथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत.