फॅक्टिशियस डिसऑर्डर ओळखताना या चुका टाळा

औषध लागू पडत नाही, रोज नवं लक्षण निघतं, राउंड संपला की रुग्ण शेजारच्या खाटेवर निवांत गप्पा मारतो. मग वॉर्डात कुणीतरी म्हणतंच, "नाटक आहे सगळं!" आणि केस पेपरवर तसा शेरा पडतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फॅक्टिशियस डिसऑर्डर, म्हणजे मुद्दाम आजारपण रचण्याचा मानसिक आजार, असं निदान करायचं तर डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) प्रमाणे रुग्ण लक्षणं रचतोय किंवा स्वतःला इजा करून घेतोय आणि ते लपवतोय, याचा पुरावा लागतो. नुसता संशय पुरत नाही.

रजा, भरपाई किंवा खटल्यातून सुटका यासाठी घेतलेलं सोंग म्हणजे मॅलिंगरिंग. तो मानसिक आजार नाही. फॅक्टिशियस डिसऑर्डरमध्ये असा उघड फायदा नसतानाही फसवणूक चालू राहते, आणि तो आजारच आहे.

रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९५१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मुंचाउझेन सिंड्रोमचं, म्हणजे याच आजाराच्या टोकाच्या रूपाचं, वर्णन केलं. शारीरिक तक्रारींत किमान प्रयोगशाळा तरी मदतीला येते: साखर उतरलेली, इन्सुलिन भरपूर, पण सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत तयार होणारा घटक) कमी, म्हणजे इन्सुलिन बाहेरून टोचलेलं. "कानात आवाज येतात" याला अशी तपासणी नाही. तिथे सगळी भिस्त मुलाखतीवर, आणि तीच आपण बिघडवतो. "आवाज आपसात बोलतात का? तुमच्यावर शेरे मारतात का?" असं विचारलं की उत्तरं आयती हातात दिली. आधी रुग्णाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. मग विचारा, आवाज थांबतात कधी? आले की तुम्ही काय करता? खरे भास बहुधा मधूनमधून येतात आणि रुग्णाने गाणी लावणं, कुणाशी तरी बोलत बसणं असा काहीतरी तोडगा काढलेला असतो. अर्थात, उत्तर वेगळं आलं म्हणून लगेच निकाल देऊ नका.

जुनी डिस्चार्ज कार्डं मागवा, संमती घेऊन घरच्यांशी बोला. रुग्णाच्या नकळत बॅग तपासू नका.

निदान पक्कं झालं म्हणून नैराश्य किंवा आत्महत्येचा धोका नाही, असं धरून चालू नका. दोन्ही सोबत असू शकतात. राउंडमध्ये सगळ्यांदेखत उलटतपासणी घेतली तर रुग्ण निघून जातो आणि दुसऱ्या दवाखान्यात नव्याने सुरुवात करतो. एकाच डॉक्टरने एकांतात, आरोप न करता बोलावं आणि पुढच्या भेटीची तारीख द्यावी. लक्षणं असोत वा नसोत, त्या दिवशी भेट होईलच, हे तेव्हाच स्पष्ट सांगावं.