उदारमतवाद आणि राज्यसंस्था: दहा गुणांच्या उत्तरात या चुका टाळा

"उदारमतवाद म्हणजे सरकारने कशातही लुडबुड करू नये." जळगाव-धुळ्याकडच्या वादविवाद स्पर्धा असोत, स्पर्धा परीक्षेचे वर्ग असोत की राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिका, पहिलं वाक्य ठरलेलं. दुसऱ्या वाक्यात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचा 'अदृश्य हात' (बाजार आपोआप सगळं जुळवून घेतो ही कल्पना) येतो आणि तिथेच उत्तर संपतं. परीक्षकाने फक्त एवढं विचारायचं, "मग शाळा कोणी काढायच्या?" बहुतेकांची गाडी तिथे अडते.

अडते, कारण स्मिथ गाइडमधून वाचलेला असतो. 'वेल्थ ऑफ नेशन्स' या १७७६च्या ग्रंथाच्या पाचव्या भागात त्याने राज्यसंस्थेला तीन कामं नेमून दिली आहेत: परकीय आक्रमणापासून संरक्षण, न्यायव्यवस्था, आणि रस्ते, पूल, कालवे, शिक्षण यांसारखी सार्वजनिक कामं, जी एकट्यादुकट्याला परवडत नाहीत. गरिबांच्या मुलांच्या शाळेला सरकारी मदत त्याला मान्य होती. व्याजदराला कायद्याची कमाल मर्यादा असावी, असंही तो म्हणतो. हे तीन मुद्दे पाठ असतील तर वरचा प्रश्न अडवणार नाही.

पण खरी गोम पुढे आहे. 'सरकार जास्त की कमी' हा उदारमतवाद्यांमधल्या भांडणाचा मुद्दाच नाही. राज्याने सक्ती कशासाठी करावी आणि स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय, यावर ते भांडतात. म्हणून पेन उचलण्याआधी कच्च्या कागदावर चार प्रश्न लिहायचे: सक्ती कोणावर? पैसा कोणाचा? चालवणार कोण? दुसऱ्या कोणाला बंदी आहे का? 'ऑन लिबर्टी' लिहिणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिलचं शिक्षणाबद्दलचं मत यात टाकून पाहा. मुलाला शिकवण्याची सक्ती पालकावर, गरिबांच्या फीला राज्याची मदत, परीक्षा राज्य घेईल. पण सगळ्या शाळा राज्यानेच चालवाव्यात याला १८५९च्या मिलचा विरोध. सरकारी शाळा असलीच तर अनेकांतली एक. 'मिल सरकारविरोधी' किंवा 'मिल सरकारवादी' अशी एका शब्दाची चिठ्ठी चिकटवणाऱ्याला हे कधीच सापडत नाही.

उदाहरण आपल्याच शेतातलं घ्या. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. भावाची हमी मिळणार आणि तोटा झाला तर भार सरकारवर. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात भाव चढला की शहाद्याकडचा कापूस रात्री खेतियाला, शिरपूरकडचा सेंधव्याला. इकडे हमीभाव वर असला की गाड्या उलट्या दिशेने. आता लिहायला बसलेला विद्यार्थी 'उदारमतवादी या योजनेला विरोध करतील' असं एका ओळीत उरकतो आणि गुण गमावतो.

किमान राज्य पुरे म्हणणाऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञ नॉझिकच्या मते विक्रीवरची बंदीच अन्याय्य, भाव कितीही चांगला मिळो. मुक्त बाजाराचा कैवारी अर्थतज्ज्ञ हायेक, त्याला भाव बांधून देणं नामंजूर. पण बाजाराच्या बाहेर प्रत्येकाला किमान जगण्याची हमी राज्याने द्यायला त्याची १९४४मध्येही हरकत नव्हती. मिल इथे दोन गोष्टी वेगळ्या करेल: सरकारने व्यापाऱ्यांच्या शेजारी आपलं खरेदी केंद्र उघडणं एक, आणि व्यापाऱ्यांना मज्जाव करणं दुसरं. पहिल्याला साधं कारण पुरतं, दुसऱ्याला फार भक्कम कारण लागतं. म्हणून आजची सीसीआयची (केंद्र सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाची) हमीभाव खरेदी आणि १९७२ची योजना एका पारड्यात टाकू नका. 'नुसती सक्ती नसणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे' म्हणणारे इंग्रज उदारमतवादी ग्रीन आणि हॉबहाउस यांच्या विचाराने जाणारा विचारेल, की पेरणीलाच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेला शेतकरी त्याच व्यापाऱ्याशी करार करतो, तेव्हा तो मोकळा असतो का? नसेल, तर राज्याचा हस्तक्षेप स्वातंत्र्य वाढवूही शकतो. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सचं नाव घ्यायचं असेल तर जपून. विषमता सगळ्यात तळाच्यांच्या हिताची असेल तरच चालेल, हे १९७१मध्ये त्याने मांडलेलं तत्त्व समाजाच्या मूळ रचनेसाठी आहे, एकेका योजनेला लावायची ती फूटपट्टी नाही. तरी सगळ्यात तळाला कोण, हे विचारायला लावतं, आणि कपाशीच्या शेतात तळाला जमीनधारक नसतो. वेचणीला येणाऱ्या बायका असतात. हा मुद्दा उत्तरात क्वचितच दिसतो.

दुसरी खोड म्हणजे सगळी नावं गोऱ्यांची. १८९२मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी सांगितलं, की इंग्लंडचं मुक्त बाजाराचं शास्त्र इथे जसंच्या तसं लागू होत नाही, उद्योग आणि शेतीपतपुरवठ्यात राज्याने पुढाकार घ्यावा. रानडे भारतीय उदारमतवादाचे अग्रणी, म्हणजे पहिल्या वाक्यातली व्याख्या घरीच मोडते. शिवाय १८७९मध्ये त्यांची बदली धुळ्याला झाली होती. निदान इकडच्या मुलांनी तरी त्यांना विसरू नये. गोखल्यांचं १९११चं प्राथमिक शिक्षणाचं विधेयकही याच रांगेतलं. त्यात सक्ती होती, पण ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचं होतं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. वरचे चार प्रश्न या विधेयकाला लावून पाहा, अर्धं पान आपोआप भरेल.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. उदारमतवाद आणि १९९१चं उदारीकरण एक नव्हे. नॉझिक अराजकवादी नाही. चोरी, फसवणूक, बळजबरी रोखणारं आणि करार पाळायला लावणारं राज्य त्याला हवं आहे. कल्याणकारी राज्याची आखणी करणारा बेव्हरिज आणि मंदीत सरकारने खर्च करावा म्हणणारा अर्थतज्ज्ञ केन्स यांना समाजवादी लिहू नका, दोघेही ब्रिटनच्या लिबरल पक्षाचे. अमेरिकेत 'लिबरल' म्हणजे बहुधा कल्याणकारी राज्याचा समर्थक, तेव्हा बातमीतला शब्द उचलण्याआधी देश पाहा.

शेवटच्या रात्री तीस विचारवंतांचा तक्ता पाठ करणाऱ्यांबद्दल काय बोलावं! पाच जण नीट वाचा, प्रत्येकाचं एक 'हो' आणि एक 'नाही' लिहून ठेवा.

आणि 'भारतात मुक्त अर्थव्यवस्था मागणारा मोठा पक्ष कधी झालाच नाही' हे वाक्य खोडा. काँग्रेसच्या सहकारी शेतीच्या नागपूर ठरावानंतर १९५९मध्ये राजाजी, रंगा आणि मसानी यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. १९६७मध्ये लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते, काँग्रेसच्या खालोखाल.