नव्या शाळेचा कार्यभार घेताना : जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी पहिल्या तीन महिन्यांचे मार्गदर्शन

पदोन्नतीचा आदेश हातात पडतो, शिक्षक नव्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू होतो आणि त्याच दिवसापासून त्याला वर्गापासून दूर नेणारी कामे रांगेने समोर उभी राहतात. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, अनुदानाचा हिशोब, केंद्रशाळेवरून येणारे निरोप ही सारी कामे करावीच लागतात, त्यातून सुटका नाही. परंतु प्रत्येक शिक्षक आपापला वर्ग पाहत असतो आणि सगळी शाळा पाहण्याची जबाबदारी एकट्या मुख्याध्यापकावर असते. तोच कार्यालयात अडकून पडला, तर तिसरीतल्या मुलांना वाचता येते की नाही हे विचारणारे शाळेत कोणीच उरत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत कागदपत्रांची घडी अशी बसवावी की रोज किमान एक तासिका कोणत्या तरी वर्गात बसता येईल. पुढील सर्व सूचना याच एका हेतूने केल्या आहेत.

प्रभार मोजून घ्यावा

प्रभार यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहावी आणि प्रत्येक रजिस्टर हाताने उघडावे. मी पहिल्यांदा प्रभार घेतला त्या दिवशी आधीच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाची गडबड होती आणि आपल्याच माणसासमोर बाके मोजणे मला अवघड वाटले. मी यादीवर सही केली. पुढे लेखापरीक्षणात डेडस्टॉक रजिस्टरमधील, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील, १४ बाके आणि एक वजनकाटा सापडेना, आणि त्याचा खुलासा मला लिहावा लागला. मोजणी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. जाणाऱ्या सहकाऱ्यालाही त्यामुळे निश्चिंतपणे जाता येते. जी वस्तू सापडत नाही तिच्यापुढे तसा स्पष्ट शेरा लिहून दोघांनी सही करावी.

सर्वांत अधिक वेळ जनरल रजिस्टरला, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीला, द्यावा. शाळेतील बरेचसे दप्तर काही वर्षांनी निकाली निघते, हे रजिस्टर मात्र कायम जपायचे असते, कारण माणसाची जन्मतारीख, नावाचे शुद्धलेखन आणि जातीची नोंद यांसाठी लोक पन्नास-साठ वर्षांनीही याच पानाकडे येतात. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीच्या पुराव्याला विशेष महत्त्व असते, आणि अनेक कुटुंबांकडे असा पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेतील नोंदीखेरीज काहीही नसते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त राज्यभर मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कितीतरी शाळांची जुनी रजिस्टरे कपाटांच्या तळाशी वाळवी लागलेल्या अवस्थेत होती. त्यामुळे पहिला व शेवटचा नोंदणी क्रमांक तपासावा, फाटलेली व सुटी पाने मोजून त्यांची संख्या प्रभार यादीत लिहावी, जुनी रजिस्टरे कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावीत आणि शक्य झाल्यास प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे. एखादी नोंद चुकीची दिसली, तरी आपल्या अधिकारात खाडाखोड करू नये. दुरुस्ती सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच आणि त्या आदेशाचा क्रमांक लिहूनच करावी.

हिशोबाच्या बाबतीत एका ठरावीक तारखेची कॅशबुकातील शिल्लक आणि बँक पासबुकातील शिल्लक जुळवून घ्यावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावरील सह्या बदलण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा, अन्यथा स्वयंपाकी ताईंचे मानधन व किरकोळ देयके अडून राहतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे संयुक्त शाळा अनुदान पटावर, म्हणजे विद्यार्थीसंख्येवर, ठरते. निकषानुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये व १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५०,००० रुपये मिळू शकतात आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी नसेल, तर हा खर्च सर्वांत आधी करावा.

वर्गात बसावे, पाहावे, थोडेच लिहावे

पहिला महिनाभर वेळापत्रक, वर्गवाटप, परिपाठाची पद्धत यांतले काहीही बदलू नये. केवळ पाहावे. वर्गात जाण्यापूर्वी संबंधित शिक्षकाला आदल्या दिवशी सांगावे, तास सुरू होण्यापूर्वी मागच्या बाकावर बसावे आणि तास संपेपर्यंत उठू नये. मध्येच उभे राहून मुलांना प्रश्न विचारण्याचा किंवा फळ्यावरील चूक सर्वांदेखत सुधारण्याचा मोह टाळावा, कारण त्या एका क्षणात बाईंचा वर्गातील मान जातो आणि तो परत मिळायला वर्ष लागते. शिक्षक काय शिकवतात यापेक्षा मुले काय करतात हे पाहावे : किती मुले लिहीत आहेत, किती मुले केवळ फळ्यावरून उतरवीत आहेत, खिडकीजवळच्या मुलीला पूर्ण तासात एकदा तरी कोणी नावाने हाक मारली का.

तास संपल्यावर शिक्षकांच्या संमतीने दोन-तीन मुलांसोबत बसावे. तिसरीतला मुलगा धडा घडाघडा वाचून दाखवतो आणि आपण समाधानाने मान डोलावतो. त्याच धड्यातील मधलेच एखादे वाक्य बोटाने दाखवले की तो थांबतो, वर पाहतो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण धडा त्याला पाठ आहे, वाचता येत नाही. म्हणून वाचन तपासताना पाठ्यपुस्तकातील धडा न घेता मुलाने न पाहिलेला चार-पाच ओळींचा मजकूर द्यावा. गणितातही असेच होते. ‘छत्तीस’ लिही म्हटल्यावर जी मुलगी ६३ लिहिते, तिला संख्या कळत नाही असे नाही. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर, त्यामुळे तिने जे ऐकले तेच त्या क्रमाने लिहिले. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातील संख्यावाचनाच्या नव्या पद्धतीवरून (‘बावीस’ऐवजी ‘वीस दोन’) महाराष्ट्रात मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशी ही खरी अडचण होती. अशा मुलीला पुन्हा पाढे म्हणायला लावून उपयोग होत नाही, तिच्या हातात दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्याव्या लागतात.

निरीक्षणानंतर लॉगबुकात, म्हणजे वर्गनिरीक्षणाच्या नोंदवहीत, एक जमलेली गोष्ट आणि एकच करण्याजोगी गोष्ट लिहावी. दहा उणिवांची यादी वाचून कोणीही सुधारत नाही. बोलणे त्याच दिवशी, बंद दाराआड आणि पाच मिनिटांत संपवावे. काल-परवापर्यंत जे बरोबरीचे होते त्यांना अचानक ‘सूचना’ देणे नव्या मुख्याध्यापकाला जड जाते, अशा वेळी ‘सर, मी तुमच्या वर्गात हे पाहिले, तुम्हाला काय वाटते?’ अशी सुरुवात केल्यास संवाद सोपा होतो. पंधरा दिवसांनी मात्र त्याच गोष्टीसाठी पुन्हा त्याच वर्गात जावे, नाहीतर लिहिलेला शेरा वाया जातो.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेत १५० हून अधिक पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, त्यामुळे लहान शाळांत मुख्याध्यापकाकडे स्वतःचा वर्ग असतोच. द्विशिक्षकी शाळेत आठवड्यातून दोन वेळा दोन्ही वर्ग एकत्र बसवावेत, एकाने शिकवावे आणि दुसऱ्याने पाहावे. पुढच्या वेळी अदलाबदल करावी. मुख्याध्यापकाने आधी स्वतःचा तास पाहू द्यावा.

आहार आणि समिती

पोषण आहाराची चव मुलांना वाढण्यापूर्वी घेऊन लगेच नोंद करावी. ही नोंद आठवड्याची एकदम भरण्याची सवय धोक्याची आहे. २०१३ मध्ये बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजवलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने लक्षात ठेवावे. तेल, मीठ, मसाले यांचे डबे कोठून आले आणि त्यांत पूर्वी काय होते, हे स्वतः पाहावे. पहिली ते पाचवीसाठी प्रत्येकी १०० ग्रॅम व सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम तांदळाचे प्रमाण स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे, म्हणजे येणाऱ्या पालकांनाही ते वाचता येते.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, तरीही बऱ्याच ठिकाणी ठराव आधी लिहिला जातो आणि सह्या घरोघरी जाऊन गोळा केल्या जातात. हे थांबवावे. बैठकीची वेळ मजुरीवरून परतणाऱ्या आयांना जमेल अशी ठेवावी, विषय दोन-तीनच घ्यावेत, खर्चाचा हिशोब मोठ्याने वाचून दाखवावा आणि ठराव सर्वांसमोर लिहावा. पहिल्या बैठकीत बहुतेक माता गप्प बसतील. तेव्हा त्यांना मत न विचारता मुलाचे वाचन ऐकण्याची विनंती करावी. आपल्या मुलाला न पाहिलेला मजकूर वाचता येतो की नाही हे ज्या आईने स्वतः पाहिले, ती पुढच्या बैठकीला निरोपाची वाट पाहत नाही.

माहिती भरण्यासाठी दिवसातील एक ठरावीक वेळ ठेवावी, शक्यतो शाळा सुटण्यापूर्वीचा शेवटचा अर्धा तास, आणि वारंवार मागितले जाणारे आकडे, म्हणजे वर्गवार पट, आधार नोंदणी, दिव्यांग विद्यार्थी, वर्गखोल्या, एका वहीच्या पहिल्या पानावर कायम अद्ययावत ठेवावेत.

जून-जुलैमध्ये ज्या मुलांचे वाचन ऐकले त्यांची नावे, तारीख आणि अडलेले शब्द एका वहीत लिहिलेले असावेत. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात ती वही घेऊन त्याच मुलांसोबत पुन्हा बसावे, तितकाच कठीण पण नवा मजकूर द्यावा आणि आता किती शब्द अडले ते जुन्या नोंदीशेजारीच लिहावे.